ऊन : अकरा

सावद्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये माझी रात्रपाळी.
बाहेर मे, आत सोळा अंश.
हिरवी केळी क्रेटमधून येतात, तुरट, पिठूळ,
चौथ्या दिवशी पिवळी होऊन ट्रकात चढतात.
पिठाची साखर अंधारातच होते.
ऊन लागत नाही तिला.
बावीस वर्षं ठाऊक आहे मला हे.

हेमांगी सात वर्षांची होती.
एका रात्रीत पाचदा उठून पाणी प्यायली.
आम्ही म्हटलं, उन्हाळा आहे.
भुसावळात त्या दिवशी सेहेचाळीस होतं, सगळेच पीत होते.
फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला,
तेव्हाही म्हटलं, उन्हाळा.
जळगावच्या दवाखान्यात मीटरवर आकडा आलाच नाही,
नुसती दोन इंग्रजी अक्षरं. नर्स म्हणाली, हाय.
मी ते मराठीत ऐकलं.

डॉक्टर बेंडाळेंनी कागदाच्या पाठीवर शिडी काढली.
सहावं गुणसूत्र. अर्धी शिडी आईची, अर्धी तुमची.
तिचंच रक्त तिच्याच पेशींना परकं समजतं,
त्याची तयारी या पायरीवर असू शकते.
मला वाटायचं, मी तिला नाक दिलं
आणि झोपेत दात खायची सवय.

केळीला बी नसतं.
पिल आईसारखंच, पानापानाने तेच.
तरी एका ओळीत, एकाच नळीचं पाणी पिऊन
एका झाडावर करपा येतो
आणि शेजारचं घड टाकून मोकळं होतं.
का, ते विद्यापीठाच्या माणसालाही विचारलं होतं मी,
तो चहा प्यायला आणि गेला.

मग दुसरा कागद. ड जीवनसत्त्व : अकरा.
तीस हवं होतं.
आमच्याकडे? मी दोनदा विचारलं.
जिथे डांबर चपलेला धरून ठेवतं,
जिथे कुत्री बारा वाजता मोरीच्या पुलाखाली जातात,
तिथे ऊन कमी पडलं?

पडलं.
तिची आत्या दारातूनच ओरडायची,
‘उनात नको जाऊ वं, कायी पडशीन.’
शाळेच्या व्हॅनला काळ्या काचा.
कूलरच्या खोलीला जाड पडदा, तो मीच आणला,
फैजपूरच्या बाजारातून, घासाघीस करून.
माझं रक्तही तपासलं त्यांनी. नऊ.
रात्री चेंबर, दिवसा झोप.

‘ऊन मिळालं असतं तर टळलं असतं?’
‘तसं कुणी सांगू शकत नाही,’ डॉक्टर म्हणाल्या.
‘पुष्कळ मुलांत दोन्ही एकत्र दिसतात. दिसतात, एवढंच.’
ते एवढंच मी एसटीत मांडीवर घेऊन आलो,
इन्सुलिनच्या थर्मासशेजारी.

आता ती नऊ वर्षांची आहे.
वीज गेली की बाटली माठात ठेवते, वाळू स्वतः ओली करते.
कळण्याची एक भाकरी म्हणजे किती, तोंडपाठ.
भरीत बिनधास्त. केळं अर्धं, आणि तेही विचारून.
पडदा काढला आहे. त्याची पिशवी शिवली हिने.

धाकट्याचंही रक्त पुण्याला गेलं होतं. शिडी तीच निघाली.
त्याची साखर अजून साधी आहे.
अजून, हा शब्द घरात कुणी मोठ्याने म्हणत नाही.

रविवारी दहा वाजता दोघं गच्चीवर बसतात, बाह्या वर करून,
आत्याच्या नाकावर टिच्चून.
हेमांगी त्याचं बोट टोचते. मीटर उलटं मोजतो,
पाच, चार, तीन, तो डोळे मिटतो,
चौऱ्याण्णव. तो नाचतो, जसा काही पेपरात मार्क मिळाले.
ती बघते त्याच्याकडे. मग माझ्याकडे वळते.
‘पप्पा, आता तुम्ही.’
मी पाळीवरून तसाच आलेला, बोट पुढे करतो.
‘असं नाही,’ ती म्हणते,
‘आधी हात धुऊन या साबणाने.
तुमच्या हाताला केळ्यांची साखर असते.
मला तुमची बघायची आहे.’